पदराकडे जाणारा हात

१८ जानेवारी. आजचं काम: ओढ्याच्या साक्षीतले उरलेले रंग भरणे आणि संध्याकाळी फिल्म रेंडरला लावणे, म्हणजे पक्की फाईल बनवून घेणे.

त्या सकाळी माझ्या डोक्यात एवढंच होतं. शनिवारी फिल्म कशेळ्याला दाखवायची होती, ज्यांच्यावर केली त्यांनाच आधी. दिग्दर्शिकेचा तसा आग्रह होता. ती पुण्याची, माझ्याहून बरीच लहान, मला काकू म्हणते. मी भिसेगावात घराच्या मागच्या खोलीत बसून माहितीपट संकलित करते. मोठा संगणक, दोन पडदे, चित्र काढायचा टॅब्लेट आणि वीज गेली तर फाईल वाचवण्यापुरता दम असलेला यूपीएस, एवढा संसार. जिथं चित्रीकरण नसतं किंवा दाखवता येत नाही, तिथं मी चित्रं काढून ती हलवते. पूर्वी लग्नांचे व्हिडिओ करायचे. त्यात रडणाऱ्या बायकांचे चेहरे दाखवायचे असतात. इथं एक चेहरा लपवायचा होता.

फिल्म एका ओढ्याची होती. कशेळ्याच्या पलीकडच्या एका गावात भातशेतीच्या वरच्या अंगाला फार्महाऊसचे प्लॉट पडले. तिकडे जायला रस्ता हवा म्हणून कोणीतरी ओढ्यात मुरूम ओतून तो बुजवला. पावसात पाण्याला वाट राहिली नाही, ते शेतांत शिरलं आणि लावलेलं भात कुजलं. कोणी बुजवला, ते गावात विचाराल त्याला माहीत नव्हतं. एका माणसानं तहसीलला अर्ज केला, तर त्याची पेंढ्याची उडवी जळाली. ती कोणी जाळली, तेही कोणाला माहीत नव्हतं.

एकच बाई बोलायला तयार झाली. विधवा, पदरी दोन मुली. तिनं पहाटे अंधारात शेताकडे जाताना डंपर बघितले होते आणि त्यांच्या पुढं चालत वाट दाखवणारा माणूसही बघितला होता. त्याचं नाव ती घेणार नव्हती. "गावातला एक मानूस," एवढंच म्हणणार होती. अट अशी की तिचा चेहरा, आवाज, नाव यातलं काही बाहेर जाता कामा नये. दिग्दर्शिकेनं तिला शब्द दिला. आवाज आम्ही बदलला, खोपोलीच्या एका नटीकडून तेच बोलणं बोलून घेतलं. चेहऱ्याचं काम माझ्याकडे आलं.

चेहरा नुसता धूसर करता येतो. पण माणूस मान वळवतो, ते धुकं अर्धा क्षण मागं राहतं आणि तेवढ्यात नाक-डोळे दिसून जातात. मला ती जोखीम नको होती. म्हणून मी तिचं चित्रीकरण खाली ठेवून वरून रेषेनं गिरवलं. सेकंदाला बारा चित्रं. चेहरा वेगळा काढला, साडीचा रंग बदलला, मागची भिंत काढून झाड ठेवलं. हालचाल तेवढी तिची राहू दिली, कारण हालचाल खरी असली की चित्रातलं माणूस खरं वाटतं. बोलताना तिचा उजवा हात मधूनच वर जाई, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढी आणि तोंड किंचित बाजूला होई. त्या हालचालीवर मी जास्त मेहनत घेतली होती. ती बाई मला कधी भेटली नव्हती, पण तिचं मनगट मी माझ्या मनगटापेक्षा जास्त वेळा बघितलं होतं.

रंग भरताना मी आवाज बंद ठेवते. दहाच्या सुमाराला वरच्या मजल्यावरची शेजारीण वालाच्या शेंगा घेऊन आली. ती कशेळ्याकडची, भातशेतीवाल्या घरातली. लग्न होऊन भिसेगावात आली त्याला जमाना झाला, पण बोली तिकडचीच ठेवली आहे. तिच्या घरी टीव्ही आहे, तरी शेंगा सोलायला ती माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसते. म्हणते, तुझ्याकडं एकच शीन दहा वेळा दिसतो, डोक्याला ताप नाय.

शेंगा सोलता सोलता ती पडद्याकडे बघत होती. मग म्हणाली, "ही कुनाची धाकटी जाऊ गं?"

"कोण?"

"ही, तुझी चित्रातली. मोठ्या दिराचं गाऱ्हानं सांगतेय ना?"

मी पेन खाली ठेवलं. "आवाज बंद आहे. तुला काय ऐकू आलं?"

"ऐकायला कशाला पायजे? हात बघ ना. घेतला बघ परत. आमच्याकडं मोठा दीर म्हटलं की डोक्यावर पदर. तो समोर नसला तरी. नाव तर घ्यायचंच नाय, पन त्याची गोष्ट निघाली तरी हात जातो. माझी जाऊ तर फोनवर बोलताना घेते. मी म्हनते, अगं, फोनातनं दिसतंय का त्याला तुझं डोकं!"

"सासराही असेल."

"सासऱ्याला पदर घेतला की नजर खाली जाते. ही तोंड फिरवतेय. दीरच हाय. आन लबाड हाय." तिनं एक शेंग मोडली. "तुमच्यात नाय का घेत?"

आमच्यात पदर देवळात आणि सणाला. माझ्या जावा जीन्स घालतात.  मी पडद्यावरचं चित्र थांबवलं.

शेजारीण चहा टाकायला वर गेली तशी मी मूळ चित्रीकरण उघडलं आणि आवाज लावला. जिथं जिथं हात वर जात होता, तिथं थांबत गेले. "गावातला एक मानूस पुढं चालत व्हता." हात. "त्यानं बॅटरी मारून वाट दावली." हात. "त्या मानसाला मी दिसले नाय." हात. ओढा म्हणताना नाही, पाऊस म्हणताना नाही, भात कुजलं म्हणताना नाही. फक्त त्या माणसाला.

मग मी मुलाखतीच्या आधीचा भाग लावला. कॅमेरा सुरू असतो, लोक स्थिरावत असतात, इकडचं तिकडचं बोलणं चालू असतं. तो भाग मी कापून बाजूला ठेवला होता, नीट ऐकलाही नव्हता. दिग्दर्शिका विचारत होती, घरी कोण कोण असतं?

"मी, पोरी. आन मोठं दीर, त्यांची मानसं. एकाच घरात हाव. पडवी आमाला दिलीया."

"मोठं दीर" म्हणताना तिचा हात वर गेला आणि पदर कपाळापर्यंत आला, तोंड बाजूला झालं. मी तो तुकडा माझ्या चित्राशेजारी ठेवला आणि दोन्ही एकदम चालवले. एकच हालचाल होती. मी एवढी तंतोतंत गिरवली होती की कुठे फरक काढायला जागा नव्हती.

म्हणजे ती ज्याच्याविरुद्ध बोलली, त्याच्याच घराच्या पडवीत ती दोन मुलींना घेऊन झोपत होती. आम्ही तिचा चेहरा, आवाज, साडी, भिंत सगळं बदललं होतं आणि ज्याचं नाव घ्यायला ती घाबरली, त्याच्याकडे मी सेकंदाला बारा चित्रांनी बोट दाखवत होते. कशेळ्याला, पांढऱ्या पडद्यावर, माणसापेक्षा मोठ्या आकारात. डंपरांना वाट दाखवणारा म्हणजे तो दीर गावातला वजनदार माणूस असणार. अशा माणसांना पहिल्या रांगेत खुर्ची द्यावी लागते.

मी दिग्दर्शिकेला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काकू, इतकं बारीक कुणाच्या लक्षात येणार आहे?"

"माझ्या शेजारणीच्या आलं. शेंगा सोलता सोलता."

मग ती म्हणाली, "काकू, एक सांगायचं राहिलं. आज सकाळी मी गावच्या ग्रुपवर छोटी क्लिप टाकलीय. शनिवारचं आमंत्रण म्हणून."

"कुठला भाग?"

"उडवीचा."

मला बघायची गरज नव्हती, तरी बघितला. झाडाखाली बसलेली माझी चित्रातली बाई नटीच्या आवाजात म्हणते, "ज्यानं अर्ज केला, त्याची उडवी जाळली. कुनी जाळली ते म्हाईत नाय." आणि "कुनी जाळली" म्हणताना तिचा हात वर जातो.

मी उठून खिडकी बंद केली. का केली ते माहीत नाही. बाहेर गल्लीत भाजीवाला उभा होता आणि कोणी भाव करत होतं. रोजचेच आवाज होते, पण मला वाटत होतं की आता कशेळ्याकडून येणाऱ्या पहिल्या जीपमधून कोणीतरी वाईट बातमी घेऊन उतरेल.

"काढून टाकते," दिग्दर्शिका म्हणाली. "सगळ्यांसाठी डिलीट करते."

"थांबा. काढू नका."

"का?"

"संदेश पुसला की पुसल्याची खूण राहते. ज्यांनी बघितली नाही तेसुद्धा विचारतील, काय होतं? ज्यांनी बघितली ते आठवायला लागतील. तिला फोन करता येईल का?"

"फोन मुलीचा आहे, घरात कुठेही पडलेला असतो. तिनं बजावलंय, तुम्ही करू नका, मीच करीन." दिग्दर्शिकेचा आवाज बारीक झाला होता. "काकू, मी तिला शब्द दिलाय."

"मग रडू नका. मला विचार करू द्या."

शेजारीण चहा घेऊन आली तेव्हा मी तिला सांगितलं. सगळं नाही, ही बाई खरी आहे, तिला त्रास होऊ शकतो, आणि क्लिप गावात गेली आहे, एवढंच. तिनं कप खाली ठेवले.

"नाव सांगू नको," ती आधी म्हणाली. "मला कळलं तर बाहेर जाईल. माझं तोंड माझ्या ताब्यात नाय, तुला ठाऊक हाय. गाव तेवढं सांग."

मी गाव सांगितलं. तिथं तिची मावसबहीण दिलेली होती. तिनं तिथंच फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि मला ओठांवर बोट ठेवून दाखवलं. आधी वालाचं झालं, कोणाच्या तरी गुडघ्याचं झालं. माझा जीव वर आला होता आणि ही विचारत होती, तेल लावतेस का नाय? मग सहज सुरात म्हणाली, "शनिवारी काय शिनेमा हाय म्हनं तुमचा?"

"हाय ना. सकाळी आलंय मोबाईलवर. कार्टून हाय. पोरं हसत व्हती, म्हनत व्हती आपल्या ओढ्याचं कार्टून केलं."

"कोन हाय गं त्यात?"

"कार्टूनला कुठं नाव असतं?" पलीकडे भांडी वाजली. "तू येनार काय?"

"बघते. आले तर येईन."

"ये की." ती जरा थांबली. "पदर घेऊन ये डोक्यावर."

आणि फोन ठेवला.

शेजारणीनं मोबाईल मांडीवर पालथा घातला.  "कळलंय," ती म्हणाली. "बायांना कळलंय."

"मग?"

"बाया नाय बोलायच्या. त्यांना पन तिथंच नांदायचंय."

"आणि पुरुष?"

"बाप्ये आवाज ऐकतात. बायकांचे हात कोन बघतंय? पन शनिवारी मोठ्या पडद्यावर आठ-नऊ वेळा हात वर गेला, तर आंधळ्याला पन दिसंल. आन एकाला दिसलं की…" ती शेंगांची पाटी उचलून गेली, सोललेले दाणे माझ्याकडेच विसरून.

संध्याकाळी नवरा आला, त्याला सगळं सांगितलं. त्याचं शिळफाट्याला इलेक्ट्रिकचं दुकान आहे आणि त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला एक उत्तर असतं. "तो भागच काढून टाक."

"त्या बाईनं एकटीनं बघितलंय. ती काढली तर ओढा आपोआप बुजला असं होईल."

"मग नुसता हात काढ. तुला येतं की."

येतं. हात मांडीवर ठेवलेला काढणं अवघड नाही. पण क्लिप गावात होती. क्लिपमध्ये हात वर जातो आणि शनिवारी तोच हात खाली राहिला, तर दोन्ही बघणाऱ्याला कळणार की कोणीतरी तो मुद्दाम खाली धरला. क्लिप एकटी उरेल आणि एकटी पडल्यामुळे जास्त बोलेल. मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो जेवायचा थांबला.

"म्हणजे काढलं तरी फसलं, ठेवलं तरी फसलं?"

"हो."

"तू घाबरलीस?"

"हो," मी म्हटलं, "तू भात घे."

मला भीती अशी फारशी वाटत नाही. घरात साप निघाला तेव्हा मी काठी शोधत होते आणि हा पलंगावर उभा होता. पण साप दिसत होता. इथं काहीच दिसत नव्हतं. तिकडे पडवीत दोन मुली अभ्यासाला बसल्या असतील, आतल्या घरात कोणीतरी मोबाईलवर बोट फिरवत असेल, आणि मधे एक भिंत. त्या बोटाखाली माझं चित्र येईल की नाही, ते मला इथून थांबवता येत नव्हतं. भांडी घासताना मी तो हात मनात पुन्हा पुन्हा वर जाताना बघत होते. माझ्या कामात असं होतं, जे गिरवलं ते डोळे मिटले तरी चालू राहतं. त्या रात्री ते थांबावं असं मला वाटत होतं आणि ते थांबत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा दुकानात गेला आणि मी चहा न घेता संगणक सुरू केला. अंथरुणात पडल्या पडल्या एक गोष्ट सुचली होती. संकलनात सगळ्यांना ठाऊक असलेली आहे. माणसाच्या बोलण्यातला मधला तुकडा कापला की चित्र एकदम उडी मारतं. अशी उडी एकदाच दिसली तर लोक म्हणतात, इथं काहीतरी कापलंय. पाच ठिकाणी दिसली तर म्हणतात, हिची पद्धत अशीच आहे, आणि विसरतात.

हात काढायचा नव्हता. वाढवायचा होता.

मी हात वर जाण्याची ती चित्रं वेगळी करून घेतली आणि साक्षीत पेरत गेले. "ओढ्याला बारमाही पानी नाय" याच्यावर एक. "आवंदा पाऊस लवकर लागला" याच्यावर एक. भातावर, बैलावर, मुलीच्या शाळेवर. जशीच्या तशी चिकटवली असती तर यंत्रासारखी दिसली असती, म्हणून प्रत्येक वेळी थोडा फरक केला. कुठे पदर आधी खांद्यावर घसरवला, कुठे हात अर्ध्यातून परत आणला, कुठे डाव्या हातानं घ्यायला लावला. एका ठिकाणी झाडाची पानं हलवली, म्हणजे वारा आहे असं वाटावं. "गावातला एक मानूस" याच्यावरचे काही हात काढून टाकले, काही मुद्दाम राहू दिले. उडवीच्या वाक्यावरचा तसाच ठेवला, कारण तो गावानं बघितला होता. पण त्याच्या आधी अर्जावर एक घातला आणि नंतर राखेवर एक.

भराभर काढल्यानं रेष कुठे कुठे डळमळली.  ते मी राहू दिलं. पदर धरणाऱ्या हाताला शोभत होतं.

क्लिपचा भाग झाल्यावर मी जिन्यातून शेजारणीला हाक मारली. ती ओल्या हातांनी आली. तिला पडद्यासमोर बसवलं आणि आवाज बंद ठेवला.

तिनं एकदा बघितलं. मग म्हणाली, "परत लाव." परत लावलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, पडद्याकडे नाही.

"काय दिसतं?" मी विचारलं.

"पदर सरकतोय हिचा सारखा." तिनं डोळे बारीक केले. "नवीन साडी हाय का? खळ असंल. पिन लावायला सांग तिला, नायतर दिवसभर हेच करील."

"कोणाबद्दल बोलतेय?"

"काय ठाऊक. उकाड्याबद्दल बोलत असंल." मग ती माझ्याकडे वळली आणि हळू म्हणाली, "ज्या बायांनी काल बघितलं, त्यांना हे बघून पन कळंल गं."

"त्यांना कळू दे."

तिनं ओले हात पदराला पुसले आणि वर गेली.

मी आवाज जोडून नवीन क्लिप तयार केली, पहिलीपेक्षा लांब, आणि दिग्दर्शिकेला पाठवली. सोबत लिहिलं: काल चुकून कच्ची गेली, ही पक्की, असं म्हणून ग्रुपवर टाका. पहिली काढू नका. लगेच तिचा फोन आला. तिनं टाकली होती. रात्री तिला झोप नव्हती हे आवाजावरून कळत होतं.

"काकू, तिचा फोन नाही आला अजून."

"मुलीची शाळा सुटल्यावर येईल. फोन मुलीचाच म्हणालात ना?"

"आणि नाही आला तर?"

 "तर आपण दोघी जीपनं जाऊ," मी म्हटलं, "आणि कशेळ्याला बाजारात उभ्या राहू. ती भाजी घ्यायला येईलच कधीतरी."

फोन ठेवला. साक्ष अजून निम्म्याहून जास्त बाकी होती आणि शनिवारच्या आत पुरी व्हायला हवी होती. मी दार लावून घेतलं, पुढचं वाक्य उघडलं, "गुरांना पानी पाजायची तीच जागा व्हती", आणि त्याच्यावर हात वर न्यायला सुरुवात केली.